सर्वनाम

केमी गावात, खाडीकडे खिडकी असलेल्या घरात
ऑक्टोबरात मी नगरपालिकेचा बोलका डबा बसवायला गेलो.
इर्या हाउताकोस्की, वय एक्क्याऐंशी,
कागद गिरणीत चौतीस वर्षं लगद्याचा ओलावा मोजलेली बाई.
तिनं कपाटातून दोन कप काढले, तिसऱ्याकडे हात नेला
आणि डब्याकडे बघून विचारलं, "हा घेतो का कॉफी?"
नाही म्हणालो.
"बरं आहे. माझी बहीण हेल्वी
नको नको म्हणत तीन कप घ्यायची."

डब्याचं काम साधं:
आठ वाजता रक्तदाबाची गोळी,
बाहेर उणे किती ते,
आणि पडलात तर कुणाला तरी फोन.

मार्चमध्ये तपासणीला गेलो
तर डब्यावर लोकरीची टोपी. लाल, कानांसकट.
"रात्री फार ऐकत बसतं," ती म्हणाली.
"शिवाय हट्टी. काही विचारलं की 'मला समजलं नाही.'
पुन्हा विचारा, पुन्हा तेच, त्याच गोड गळ्यानं.
हेल्वी अशीच. अकरा वर्षं तिला समजलं नव्हतं,
मग ती गेली."

मी समजावलं. पगार त्याचाच मिळतो.
आत कुणी नाही, इर्याबाई. हट्ट नाही, राग नाही.
शब्द जुळले नाहीत की ते वाक्य येतं,
तोटी सोडली की पाणी यावं तसं.
बेरीतला पाला निवडता निवडता तिनं ऐकून घेतलं.
"माहीत आहे रे.
गिरणीतलं तीन नंबरचं यंत्रही आतून रिकामंच होतं.
पण आर्वो पाळीवर असला की मुद्दाम कागद फाडायचं,
आणि मी लाथ घातली की निमूट चालायचं.
तेव्हा कुणी मला समजवायला आलं नाही."

इथल्या व्याकरणात माणसासाठी हॅन, वस्तूसाठी से.
बोलताना मात्र नवराही से,
आणि कुत्र्याला लाडानं हॅन.
इर्याबाई डब्याला से म्हणते, म्हणजे नक्की काय म्हणते
हे मला अहवालात लिहिता येत नाही.
आणि मी तरी काय शहाणा!
डबा तो, आवाज ती, यंत्र ते.
ते म्हणजे यंत्र, ते म्हणजे लेकरू,
ते म्हणजे ज्यांच्यासमोर उठून उभं राहावं असे वडीलधारे.
आमच्या एकाच अक्षरात गिरणी, पाळणा आणि आरामखुर्ची.

जानेवारीत एकोणीस तास वीज नव्हती.
शेजारचा ओइवा काठी टेकत बघायला आला.
(हे मला त्यानंच सांगितलं, जिन्यात, हळू आवाजात.)
मेणबत्ती घेऊन ती दारात उभी.
"किती वाजले," ती म्हणाली. त्यानं सांगितलं.
"उणे किती?" त्यानं सांगितलं.
"मोठ्यानं." तो मोठ्यानं म्हणाला.
"हेल्वीला फोन लाव."
ओइवा बराच वेळ मेणबत्तीकडे बघत राहिला.
मग त्याच्या तोंडून आलं,
"मला समजलं नाही."
ती इतकी हसली, म्हणे, की मेणबत्ती विझली.
अंधारात दोघांनी थंड कॉफी घेतली,
आणि तिनं चुकून, की चुकून नव्हे,
तिसरा कप डब्यापुढे ठेवला.

परवा गेलो तेव्हा ती बाष्पस्नानाला गेली होती.
दार नुसतं लोटलेलं. घर गप्प, डबा गप्प.
मी तारा तपासल्या, आवाज तपासला,
फॉर्मवर लिहिलं: उपकरण सुस्थितीत, तक्रार नाही.
निघताना कोपर लागून टोपी पडली.
उचलली. झटकली.
"माफ करा," म्हणालो, कुणाला ते विचारू नका,
आणि पुन्हा घालताना
दोन्ही कान सरळ केले.